एस्टीमचा उजवा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा): पुरात बसलेल्या गाडीचा पत्रा कापून बदलला त्याची हकीकत

गाडी २००३ ची मारुती एस्टीम, सप्टेंबरात घेतलेली, पेट्रोल, चंदेरी रंग, पहिल्यापासून आमच्याच घरातली. १२९८ सीसीचं इंजिन अजून अर्ध्या सेल्फला उठतं त्यामुळे बाबा ती विकायला तयार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. विकली तर पन्नास-साठ हजार येतील फार तर. हा आकडा लक्षात ठेवा कारण पुढे खर्च सांगणार आहे आणि तेव्हा तुम्ही मला वेड्यात काढणार आहात.

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा गाडी बिल्डिंगखाली होती. बाजारपेठेत तर लोकांचे पहिले मजले गेले, आमची जागा जरा चढावर म्हणून पाणी सीटच्या वर आलं आणि तिथंच थांबलं. नंतरच्या महिन्यात जे सगळ्यांनी केलं तेच आम्ही केलं, ऑइल दोनदा बदललं, सीटा काढून उन्हात टाकल्या, कार्पेट फेकलं, वायरिंगचे कपलर एकेक उघडून साफ केले, गाडी चालू झाली आणि आपण जिंकलो असं वाटलं. मागच्या चाकाच्या वर, बाहेरचा पत्रा आणि आतलं मडगार्ड यांच्या मध्ये जी पोकळी असते ना, तिकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. बघणार तरी कसं, ती दिसतच नाही, आतलं ट्रिम आणि डिकीतला फेल्ट काढल्याशिवाय तिथे हातच जात नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात उजव्या मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला फोडी आल्या. चार-पाच, मुगाच्या दाण्याएवढ्या. नखानं टोकरलं तर खाली पत्रा नाही, तपकिरी पापुद्रा. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आत गेला, जोर न लावता. एक लक्षात घ्या, रंगावर फोड दिसते तेव्हा गंज बाहेरून आत चाललेला नसतो, बहुतेक वेळा आतून बाहेर आलेला असतो, म्हणजे आपल्याला दिसतो तो शेवट. गाडीच्या बाहेरच्या पत्र्याची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर, त्यात कोकणातली खारी दमट हवा आणि आत पुराचा गाळ, मग काय राहणार आहे.

पहिलं काम ज्या गॅरेजला दिलं त्याचं नाव सांगत नाही. साडेसहा हजार घेतले, तीन दिवसांत गाडी दिली, आणि दिसायला एकदम झकास केली होती हे मान्य करावं लागेल. आम्ही खूश. पावसाळा गेला, दिवाळी गेली, जानेवारीत कमानीच्या वर आडवी चीर पडली आणि त्यातून चहाच्या रंगाचे ओघळ यायला लागले. तेव्हा मी पहिल्यांदा ती लोहचुंबकाची टेस्ट केली जी खरं तर पैसे द्यायच्या आधी करायची असते. फ्रीजला लावतो तसलं लहान चुंबक, रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळलं आणि दरवाज्यावरून सरकवत मागे नेलं. दरवाज्यावर घट्ट, दरवाज्याच्या फटीपलीकडे चार बोटं घट्ट, मग एकदम हातात पकड सैल लागली आणि कमानीच्या वर तर रुमालासकट खाली पडलं. तिथून पार बंपरपर्यंत वीतभर उंचीच्या पट्ट्यात ते कुठेच धरत नव्हतं, सगळी पुटी, म्हणजे खड्डे भरायचा लेप.

गाडीला इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी, वीस वर्षांच्या गाडीला बहुतेक जण तेवढाच ठेवतात. फुल असता तर पुराच्या वेळी क्लेम करता आला असता, पण नुसत्या गंजाला कुठलीच पॉलिसी पैसे देत नाही, आणि दिले तरी दहा वर्षांवरच्या गाडीला लोखंडी भागावर ५० टक्के घसारा कापतात. म्हणजे हा खर्च खिशातूनच. वर आरसी सप्टेंबर २०२३ ला संपत होती. २०१८ ला पंधरा वर्षं झाल्यावर पाच वर्षांसाठी रिन्यू केली होती, आता परत करायची, आणि एप्रिल २०२२ पासून खासगी कारची ती फी ६०० ची ५००० झालेली. तपासणीला गाडी न्यायची आणि कमानीतून ओघळ गळतायत हे काही बरं दिसत नाही.

मग आमच्या मागच्या गल्लीतले पत्राकाम करणारे मामा. मामा म्हणजे सगळ्या गावाचेच मामा, वय साठीच्या पुढे, एसटीच्या बॉड्या ठोकून हात बसलेला. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मला डिकी रिकामी करायला लावली, मागची सीट काढायला लावली, बाजूचं ट्रिम, फेल्ट, टेललाइट, बंपरचं उजवं टोक, सगळं. मला वाटलं आज नुसतं बघायलाच आलोय. ते म्हणाले, "बाहेरून बघून भाव सांगणारा माणूस बाहेरूनच काम करतो रे."

पुटी छिन्नीनं उडवली तर खाली जीआय पत्रा, घराच्या पन्हाळीला वापरतात तो, पॉप रिव्हेटनं ठोकलेला आणि कडेनं पुटी थापलेली. ठिकाय, हे सगळीकडे चालतं. खरी चूक वेगळीच होती आणि ती मामांनी बोटानं दाखवली. पॅनलच्या तळाशी, चाकाच्या मागे, पाणी निचरायला कंपनीनं दोन भोकं दिलेली असतात. त्या दोन्हींवर पुटी चढवून वरून काळं अंडरकोटिंग मारलेलं. म्हणजे काचेच्या रबरातून, टेललाइटच्या गॅस्केटमधून, चाकाच्या उडण्यातून जे काही पाणी आत जाईल त्याला बाहेरचा रस्ताच नाही. गाळ आत होताच, आता त्याला झाकण बसलं. नुसतं काहीच केलं नसतं तरी एवढ्या लवकर सडलं नसतं असं मामांचं मत, आणि माझंही तेच झालंय.

मग त्यांनी कमानीच्या मागचा सडका तुकडा कापून खाली ओढला आणि आतून गाळ आला. भुकटी नाही, वडी. जवळजवळ दीड किलो असेल, वरून सुकलेला आणि तळाशी अजून ओला, पुराला पावणेदोन वर्षं होऊन गेलेली असताना. कापलेल्या बाजूनं बघितलं तर त्यात थर दिसत होते, करडा, तांबूस, परत करडा, आणि मध्ये भाताचं एक तूस आणि शाम्पूच्या पाउचचा कोपरा. बाबा मागे उभे होते, काही बोलले नाहीत, फक्त ती वडी उचलून कागदात बांधली आणि घरी नेली. अजून गॅलरीत आहे. आई रोज फेकते म्हणते.

आता करायचं काय यावर दोन दिवस चर्चा. मार्ग तसे चार. एक, परत ठोकून भरायचं, तो विषय संपला होता. दोन, फक्त कमानीला पट्टी लावायची, पण कमान, तिच्या मागचा तळ आणि दरवाज्याच्या मागची उभी कडा अशा तीन ठिकाणी पत्रा गेलेला, तीन पट्ट्या म्हणजे सहा जोड, त्यापेक्षा एक मोठा जोड परवडला. तीन, अख्खा पॅनल. इथे एक समजून घ्यायला लागतं की पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं, चार पाने फिरवले की हातात येतं, पण मागचा क्वार्टर पॅनल गाडीच्या अंगाचाच भाग. तो छतापासून खाली उतरतो, मागच्या काचेच्या बाजूच्या खांबावरून डिकीच्या पन्हाळीला, टेललाइटच्या खोबणीला, आतल्या मडगार्डला आणि पुढे दरवाज्याच्या चौकटीला अशा सगळ्यांना स्पॉट वेल्डनं, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी केलेल्या वेल्डनं, चिकटलेला असतो. अख्खा काढायचा तर मागची काच उतरवायला लागते, छताचा जोड उघडायला लागतो, आणि आमचा वरचा अर्धा भाग तर कंपनीच्या रंगासकट शाबूत होता. मामांचं सरळ म्हणणं, "वरचा पत्रा कंपनीनं लावलाय, त्याला कशाला छेडायचं? चांगलं ते ठेवायचं, कुजलेलं तेवढं काढायचं." म्हणून चौथा मार्ग, खांद्याच्या घडीच्या, म्हणजे पत्र्यावर काचेखाली आडवी जाते त्या घडीच्या, जरा खालून कापायचं आणि खालचा अर्धा पॅनल दुसऱ्या गाडीचा बसवायचा.

जोड घडीजवळच का याला कारण आहे. सपाट मोकळ्या पत्र्यावर लांब वेल्ड मारलं की तो तापून हमखास वेडावाकडा होतो, घडीपाशी पत्र्याला स्वतःची ताकद असते, तिथे तो कमी हलतो.

नवा पॅनल कंपनीच्या पार्ट काउंटरवर नाहीच. एस्टीम बंद झाली २००७ ला, आरसे, रबरं, क्लचप्लेट मिळतील, पण पत्रा विसरायचा. शेवटी कराडला एक एस्टीम भंगारात निघालीय असं कळलं आणि मामा खूश झाले, कारण घाटावरची गाडी म्हणजे कोरड्या हवेतली. मी स्वतः गेलो, चुंबक खिशात. उजवी बाजू कुठेच भरलेली नव्हती, मरून रंग कंपनीचाच. कापताना भंगारवाल्याला सांगितलं की मला हवाय त्यापेक्षा वीतभर जास्त काप, वर पण आणि पुढे पण, तो म्हणाला वजनावर पैसे लागतील, म्हटलं लागू दे. चार हजार आणि कुंभार्ली घाट उतरवून आणायला टेम्पोचे सहाशे.

काम एप्रिलच्या शेवटाला काढलं. पावसाच्या आत रंग व्हायला हवा, दमट हवेत रंगाला दुधाळपणा येतो आणि उघड्या पत्र्यावर रात्रीतून तांबूस चढतं.

कापायच्या आधीचा अर्धा दिवस नुसता तयारीत गेला आणि तोच भाग घरी करणारे लोक टाळतात. बॅटरी काढली, इंजिनच्या कंप्युटरचा कपलर काढला कारण वेल्डिंगचा करंट कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. पेट्रोल काढून टाकी उतरवली, नुसती रिकामी करून ठेवणं जास्त वाईट, रिकाम्या टाकीत वाफ असते. मागचे सीटबेल्ट काढले, ठिणगीनं पट्ट्याला बारीक भोकं पडली तर दिसत नाहीत आणि नको त्या वेळी तुटतात. मागच्या काचेवर ओलं गोणपाट टाकलं. हे मला माहीतच नव्हतं, ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात आणि नंतर तिथे वाळूसारखं खरखरीत लागतं, कशानंही निघत नाही. मग टेपनं डिकीच्या तोंडाचे दोन्ही तिरके माप आणि दरवाज्याच्या चौकटीचे तिरके माप घेऊन मामांनी ते खडूनं भिंतीवर लिहिले.

जुना पत्रा आधी एक मिलिमीटरच्या डिस्कनं ढोबळ कापला, रेषेपासून दोन बोटं खाली. मग कडांवरचे स्पॉट. प्रत्येक स्पॉटवर सेंटर पंच, मग आठ मिलिमीटरचं ड्रिल, तेही फक्त बाहेरच्या पत्र्यापुरतं, आतल्याला भोक पडलं तर काम वाढलं. मी मोजले, ४१ निघाले. नंतर पातळ छिन्नी घालून पत्रा सोलायचा, फणसाचं चारखंड सोलतो तसा, घाई केली की कडेची पट्टी फाटते.

आतलं मडगार्डही तळहाताएवढं गेलं होतं. त्याला वीस गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा तुकडा मामांनी लाकडी ठोकळ्यावर ठोकून गोलाई देऊन बनवला आणि तो आधी वेल्ड केला. गंज घासून घासून पांढरा पत्रा दिसेपर्यंत, मग एपॉक्सी प्रायमर. हे काम कधीच कुणाला दिसणार नाही आणि बिलातला मोठा भाग तोच आहे.

मग कराडचा पत्रा. नुसता धरून बघितला तर बरोबर बसला असं वाटत होतं आणि मी म्हटलं चला मारा वेल्डचे टाके. मामांनी उलट दरवाजा परत लावायला लावला, टेललाइट बसवायला लावली, डिकीचं झाकण बंद करायला लावलं आणि पत्रा ग्रिप प्लायर आणि सेल्फ स्क्रूनं पकडून ठेवला. दरवाज्याची फट वर पाच मिलिमीटर आणि खाली आठ! टेललाइट एका कोपऱ्यात उचललेली. पत्रा मागून दोन-अडीच मिलिमीटर खाली सरकवला तर फट वरखाली सारखी आणि लाइटपण बसली. टाके मारल्यावर हे कळलं असतं तर सगळं परत कापायला लागलं असतं. भिंतीवरची मापं परत ताडून बघितली, तिरक्यात फरक दोन मिलिमीटरच्या आत. मग जुना आणि नवा पत्रा एकावर एक असताना दोन्हींतून एकदमच कट मारला, त्यामुळे दोन्ही कडा एकमेकीला तंतोतंत जुळल्या, मध्ये डिस्कच्या जाडीएवढी फट.

कडांना नव्या पत्र्यात सहा मिलिमीटरची भोकं पाडून त्यातून वेल्ड भरायचं, कंपनीच्या स्पॉटच्या जागी. दोन पत्र्यांच्या मध्ये झिंक स्प्रे मारला होता, फक्त भोकाच्या जागचा घासून काढायला लागतो नाहीतर वेल्ड चरचरतं आणि फुटतं. वेल्डिंगचं मशिन सीओटू गॅसचं, तार ०.८ ची. गॅसवेल्डिंग मामांना उत्तम येतं पण ते स्वतःच म्हणाले की गॅसनं वीतभर पत्रा तापतो, इथे नको.

वरच्या लांब जोडाला एकेक टाका, एक इकडे, एक वीतभर पलीकडे, परत मध्ये, हात लावून गरम लागला की थांबायचं, चहा प्यायचा. आणि इथेच घोळ झाला. मामा जेवायला गेले तेव्हा त्यांच्या पुतण्यानं, चांगला पोरगा आहे, मदत म्हणून मधली चार इंच सलग ओढून टाकली. थंड झाल्यावर त्याच्या खाली पत्र्याला पोट आलं. अंगठ्यानं दाबलं की आत जायचं, सोडलं की बाहेर, बिस्किटाच्या डब्याचं झाकण वाजतं तसं टक, टक. मी म्हटलं आता यावर पुटी भरणार का. मामा चिडले नाहीत, जोडावर हात फिरवून म्हणाले पोटाला नको हात लावू, दुखणं जोडात आहे. वेल्ड थंड होताना आकसतं आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेतं, त्यामुळे ठोकायचं ते वेल्डला. आतून डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, टेकवली, वरून हलक्या हातोडीनं त्या चार इंचांवर बारीक बारीक ठोके मारत गेले, वेल्ड चेपून जरा पसरलं आणि पत्रा सैल सुटला. वीस मिनिटांत टक टक बंद. पुतण्या बाजूला उभा राहून बघत होता, त्याला त्यांनी एवढंच विचारलं, "कळलं?"

पुढचं भरभर सांगतो. वेल्ड घासून लेव्हल, पुटी लागलीच पण सगळ्यात जाड जागी दोन मिलिमीटर असेल. पुटी वाईट नाही हो, पुटीला पत्र्याचं काम करायला लावणं वाईट. ऐंशीचा पॉलिश पेपर, मग एकशे ऐंशी, तीनशे वीस, सर्फेसर (रंगाखालचा थर), आठशेचा वॉटर पेपर. चंदेरी मेटॅलिक जुळवणं ही वेगळीच डोकेदुखी, वीस वर्षं उन्हात राहिलेली चांदी डब्यातल्या चांदीसारखी कशी दिसेल, म्हणून पेंटरनं नवा रंग मागच्या दरवाज्यावर अर्ध्यापर्यंत विरत नेला आणि लॅकर पूर्ण दरवाज्यावर मारला. बूथ वगैरे काही नाही, ताडपत्रीचा तंबू आणि जमिनीवर पाणी शिंपडलेलं. जोडांना सीलर रंगाच्या आधी, पोकळीत मेणाचा स्प्रे रंगाच्या नंतर, नळी घालून, तळातल्या त्या दोन भोकांतून थेंब गळेपर्यंत. भोकांतून सायकलची आरी फिरवून मामांनी मला दाखवलं की उघडी आहेत.

खर्च: पत्रा आणि टेम्पो ४६००, पत्राकाम १३०००, रंग ११५००, सीलर-मेण-किरकोळ २३००. एकूण ३१४००. पहिल्या गॅरेजचे साडेसहा हजार वेगळे. गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त एका बाजूच्या अर्ध्या पॅनलला, म्हटलं होतं ना. हिशोबात बसत नाही हे मला मान्य आहे, पण त्याच पैशात दुसरी घेतली असती तर तिच्या पोकळीत काय भरलंय हे कुणी सांगितलं असतं?

आरसी झाली पाच वर्षांची. त्यानंतर दोन पावसाळे गेले. चुंबक सगळीकडे धरतं. जोडाच्या रेषेत एका जागी, साधारण वीतभर, सकाळच्या तिरप्या उन्हात पुटी किंचित बसल्याची छटा दिसते, दुपारी दिसत नाही. मामांना दाखवली तर म्हणाले ती पुतण्याची चार इंच आहेत. पाऊस पडून गेला की मी खाली वाकून भोकांतून ठिपके पडतायत का बघतो, पडतात.

डाव्या बाजूला मात्र परवा चुंबक फिरवलं तर कमानीच्या मागे जरा ढिलं वाटलं. तिकडे कुणीच कधी काम केलेलं नाही, म्हणजे पुटी नसणार. मामा म्हणाले सीट काढून ये रविवारी. बाबांनी कागद आत्ताच काढून ठेवलाय.